टिकली, टाचा आणि चार पट्टे: विमानात गणवेशाबाबत कोणाचा शब्द चालतो?

विमान कंपनीत नव्यानं लागलेली मुलंमुली आणि त्यांचे आईवडील यांचे काही प्रश्न ठरलेले असतात. ब्रीफिंगला कॅप्टन म्हणाले, 'ही लिपस्टिक पुसून या', तर पुसायची का? सुपरवायझरनं मान्य केलेला अंबाडा कॅप्टन नापास करू शकतात का? मंगळसूत्र काढायला लावलं तर दाद कुठे मागायची? मुलीच्या स्टाफ तिकिटावर निघालेल्या वडिलांना चपलांवरून गेटवर अडवलं, हे कायद्यात बसतं का?

प्रश्न वेगवेगळे, गोंधळ एकच. विमानाचा प्रमुख कॅप्टन, म्हणजे विमानातल्या प्रत्येक गोष्टीचा नियमही तोच करणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गणवेशाचा नियम कंपनी करते. तो पाळला जातो की नाही हे केबिन सुपरवायझर किंवा लीड पाहतात. आणि कॅप्टनच्या हाती एकच, पण फार मोठी गोष्ट असते: या कर्मचाऱ्याला घेऊन उडायचं की नाही. तुम्हाला हटकणाऱ्यानं यातला कोणता अधिकार वापरला, हे आधी ओळखा. पुढे काय करायचं ते त्यावर ठरतं.

नियम नेमका कुठे लिहिलेला असतो

भारतात विमान कर्मचाऱ्यांच्या कपड्यांचा रंग, साडीची लांबी किंवा टिकलीचा आकार ठरवणारा कायदा नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, केबिन क्रूची किमान संख्या, प्रशिक्षण, ड्युटीचे तास, वैद्यकीय पात्रता यांचे नियम करतं. पोशाख कंपनीवर सोडलेला आहे. तुमच्यावर तो बंधनकारक होतो तो नियुक्तिपत्रातल्या एका वाक्यामुळे: 'कंपनीचे वेळोवेळी लागू होणारे नियम मला मान्य आहेत.' या वाक्याखाली सही करताना कुणी फारसं थांबत नाही.

कंपनीचे नियम किती खोलात जातात, याचं उदाहरण म्हणजे एअर इंडियाचं नोव्हेंबर २०२२ मधलं ग्रूमिंगचं परिपत्रक. ते बातम्यांतून गाजलं होतं. टिकली लावायची तर अर्ध्या सेंटिमीटरच्या आत, मोत्याचे कानातले नकोत, मनगटावर किंवा गळ्यात काळे अथवा धार्मिक दोरे नकोत, पांढरे केस दिसू नयेत, टक्कल पडत असलेल्या पुरुषांनी डोकं तुळतुळीत ठेवावं, असं बरंच काही त्यात होतं. वर्षभरानं, डिसेंबर २०२३ मध्ये, याच कंपनीनं मनीष मल्होत्रा यांनी तयार केलेला नवा गणवेश दाखवला. पुरुषांना बंदगळा आणि महिलांना आधीच निऱ्या शिवलेली साडी, तीही हवी तर पँटवर नेसता येईल अशी. मागच्या बॅचच्या ताईनं सांगितलेला नियम तुमच्या बॅचला लागू असेलच असं नाही.

म्हणून रुजू होताना तीन कागद स्वतःजवळ ठेवा:

- नियुक्तिपत्र आणि त्याला जोडलेल्या अटी.
- ग्रूमिंग किंवा युनिफॉर्म मॅन्युअल, कोणत्या तारखेची आवृत्ती आहे त्या नोंदीसह.
- त्यानंतर आलेली परिपत्रकं. ती कंपनीच्या ॲपवर येतात, तुम्ही ती वाचली अशी नोंद तिथे होते आणि काही दिवसांनी ती सापडेनाशी होतात. आवश्यक तेवढं टिपून ठेवा. पण कंपनीचे गोपनीय कागद बाहेर पाठवू नका, नाहीतर टिकलीचा वाद बाजूला राहून भलतीच चौकशी मागे लागेल.

'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य प्रत्येक बेसवर ऐकू येतं. आदरानं ऐका, पण ते मॅन्युअल नव्हे.

कॅप्टनचा अधिकार येतो कुठून

१९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला, तरी १९३७ च्या विमान नियमांतलं कॅप्टनविषयीचं मूळ सूत्र कायम आहे. त्यातला नियम १४१ सांगतो की प्रत्येक उड्डाणासाठी एक वैमानिक प्रमुख असेल, बाकीचा क्रू आपापली कामं नीट करतो की नाही यावर तो देखरेख ठेवेल, आणि प्रवासी, माल व कर्मचारी यांच्या सुरक्षेची तसंच उड्डाणातल्या शिस्तीची जबाबदारी त्याची असेल.

यात 'सुरक्षा' आहे, 'शिस्त' आहे, 'देखरेख' आहे. 'पेहराव' नाही. पण म्हणून कॅप्टनला कपड्यांबद्दल बोलताच येत नाही असा अर्थ काढू नका. व्यवहारात तीन प्रसंग येतात.

पहिला, कपडे किंवा दागिना सुरक्षेच्या आड येतो. नियमबाह्य टाचा, लोंबणारी साखळी, पायात येणारी निरी. इथे कॅप्टनचा शब्द अखेरचा, आणि मॅन्युअलमध्ये ती गोष्ट लिहिलेली नसली तरीही अखेरचा.

दुसरा, ओळखपत्र किंवा विमानतळाचा प्रवेश परवाना जवळ नाही, किंवा मुदत संपलेला आहे. हा विमानतळ सुरक्षेचा विषय. कॅप्टनना तुमची कितीही दया आली तरी त्यांच्या हातात काही उरत नाही.

तिसरा, निव्वळ दिसण्याचा मुद्दा: लिपस्टिकची छटा, केसांची बट, बुटांची चमक. इथे कॅप्टनचा अधिकार कायद्यातून येत नाही, कंपनीनं दिला असेल तेवढाच असतो. काही कंपन्या मॅन्युअलमध्येच म्हणतात की संपूर्ण क्रूच्या टापटिपीला कॅप्टन जबाबदार. तसं लिहिलेलं असेल तर कॅप्टन तुम्हाला बदल करायला सांगू शकतात. तसं नसेल तर शिष्टाचाराची वाट अशी की त्यांनी सुपरवायझरना सांगावं आणि सुपरवायझरनी तुम्हाला. पण वाट चुकली एवढ्यावरून सूचना रद्द होत नाही. हुद्द्यानं वरिष्ठ असलेल्या माणसानं दिलेली ती साधी, निरुपद्रवी सूचना असते, आणि ती धुडकावली तर मुद्दा लिपस्टिकचा राहत नाही, उड्डाणातल्या शिस्तीचा होतो. मग मात्र नियम १४१ खरोखरच लागू होतो. नव्या मुलांची सर्वांत महागडी चूक हीच.

आता यामागचं गणित. आपल्याकडे साधारण प्रत्येक ५० आसनांमागे किमान एक केबिन क्रू लागतो. १८० आसनांच्या विमानात चार. त्यातल्या एकाला उतरवलं आणि स्टँडबायवर कुणी नसेल तर विमान हलत नाही. त्यामुळे केवळ लिपस्टिकवरून कॅप्टन कुणाला ऑफलोड करतील असं सहसा घडत नाही. ते अहवालात लिहितील, आणि तो अहवाल तुम्हाला पुढच्या महिन्यात भेटेल.

सुरक्षा की शोभा?

वाद घालायचा की सोडून द्यायचा, हे ठरवायला एकच कसोटी पुरते. ही गोष्ट धूर, आग, पाणी किंवा पळापळ यांत अडथळा आणेल का? उत्तर 'हो' असेल तर वाद नकोच. विमानाला प्रमाणपत्र मिळताना अर्धीच दारं वापरून सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर काढता येतात हे सिद्ध करावं लागतं. तुमच्या अंगावरची प्रत्येक वस्तू त्या ९० सेकंदांत काय करील, असा विचार करून पाहा.

टोकदार टाचेनं आपत्कालीन घसरगुंडीचं कापड फाटू शकतं. म्हणूनच टर्मिनलमध्ये टाचांचे आणि विमानात सपाट, पकड असलेले असे दोन जोड दिले जातात. नायलॉनसारखं कृत्रिम कापड उष्णतेनं वितळून कातडीला चिकटतं. लोकर आणि सुती कापड त्या मानानं बरं. गळ्यातला टाय किंवा ओळखपत्राची फीत ओढल्यावर सुटणारी असावी लागते, कारण घाबरलेला प्रवासी हाताला लागेल ते धरतो. दाराच्या खाचेत अंगठी अडकून बोटाला इजा होऊ शकते. साडीच्या बाबतीत पिना किती आणि कुठे, हा प्रश्न दिसण्याचा वाटतो, पण पदर मोकळा राहिला तर तो आसनाच्या हाताला अडकतो आणि लाइफ जॅकेटचे पट्टे बांधताना आड येतो. साडीवर लाइफ जॅकेट चढवून पाहण्याचा सराव प्रशिक्षणात होतो तेव्हा तो हसण्यावारी नेऊ नका.

उलट बाजूही बघा. सुरक्षेच्या नावाखाली चालत आलेले सगळेच नियम टिकतात असं नाही. वैमानिकांच्या दाढीचं घ्या. ऑक्सिजन मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही, या कारणावरून अनेक कंपन्यांनी दाढीवर बंदी घातली होती. एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेनं १९८७ मध्ये या विषयावर सल्लापत्रकही काढलं होतं. पुढे कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात एअर कॅनडासाठी प्रत्यक्ष चाचण्या झाल्या, दाढीमुळे अडचण येत नाही असं दिसलं, आणि २०१८ मध्ये त्या कंपनीनं वैमानिकांना नेटकी दाढी ठेवायला परवानगी दिली. नियम बदलतात, पण ते चाचणीनं बदलतात. ब्रीफिंग रूममधल्या वादावादीनं नव्हे. तुमच्या कंपनीत आजही 'दाढी नाही' असेल तर ती करूनच या.

शोभेचे नियम मात्र वाकतात, आणि गेल्या काही वर्षांत बरेच वाकले. व्हर्जिन अटलांटिकनं २०१९ मध्ये महिलांवरची मेकअपची सक्ती उठवली. जपान एअरलाइन्सनं २०२० मध्ये उंच टाचांची सक्ती सोडली आणि पँटचा पर्याय दिला. युक्रेनच्या स्कायअपनं २०२१ मध्ये स्कर्ट-टाचा काढून पँट आणि स्नीकर्स आणले. ही माहिती कॅप्टनला सुनावण्यासाठी नाही. कंपनीच्या क्रू फोरममध्ये किंवा वार्षिक सूचनांमध्ये मागणी मांडताना ती कामी येते.

ब्रीफिंगला हटकलं तर काय कराल

1. आधी दुरुस्त करा. मान्य छटेची लिपस्टिक, जाळी, पिना, स्टॉकिंगचा जास्तीचा जोड, नेमटॅग आणि बुटांचं पॉलिश केबिन बॅगेत कायम असू द्या. निम्मे वाद दोन मिनिटांत मिटण्यासारखे असतात.
2. नियम तुमच्या बाजूनं आहे अशी खात्री असेल तर एकदाच, हळू आवाजात सांगा. 'सर, ही छटा मॅन्युअलच्या यादीत आहे. तुम्ही म्हणत असाल तर बदलते, फक्त सुपरवायझर मॅडमना नोंद करायला सांगू का?' यात उद्धटपणा नाही आणि मुद्दाही कागदावर येतो. दुसऱ्यांदा तेच बोललात तर ती हुज्जत ठरते.
3. प्रवाशांसमोर किंवा एअरोब्रिजवर हा विषय काढू नका, कुणी काढला तर 'हो सर' म्हणून पुढे जा.
4. उड्डाण संपल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, बेस मॅनेजरना ईमेल करा. तारीख, उड्डाण क्रमांक, नेमके शब्द, कोण हजर होतं आणि मॅन्युअलमधलं कलम, एवढंच लिहा. 'माझा अपमान झाला' हे वाक्य खरं असलं तरी शेवटी येऊ द्या.
5. ऑफलोड केलंच तर कारण लेखी मागा, लगेच क्रू कंट्रोलला कळवा आणि त्यांनी मोकळं केल्याशिवाय विमानतळ सोडू नका. रागानं घरी निघून गेलात तर नोंद 'ऑफलोड' अशी होत नाही, 'गैरहजर' अशी होते, आणि मग तुमच्या बाजूनं बोलायला कुणाकडे काही राहत नाही.

एक अपवाद. सूचनाच सुरक्षेच्या विरुद्ध असेल, उदाहरणार्थ टेक-ऑफसाठी सपाट बूट सक्तीचे असताना 'टाचाच राहू द्या' असं कुणी म्हणत असेल, तर गप्प बसू नका. सुरक्षेच्या शंका हुद्दा न पाहता बोलून दाखवायच्या, हेच क्रू रिसोर्स मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवलेलं असतं. ते तुमचं कर्तव्यच आहे.

शब्द शरीरावर घसरले तर

'स्कार्फ नीट बांधा' ही गणवेशाची सूचना. 'हा ब्लाउज तुला फारच शोभतो' किंवा 'अशा अंगकाठीवर साडी कसली' ही गणवेशाची सूचना नाही. बोलणारे कॅप्टन असोत, ग्रूमिंग प्रशिक्षक असोत की सहकारी, महिला कर्मचाऱ्यांना २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याचा आधार आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपणं अपेक्षित आहे. कॅप्टन दुसऱ्या विभागातले आहेत, लेओव्हरच्या हॉटेलच्या लॉबीत घडलं, कंपनीच्या गाडीत घडलं, अशा सबबी इथे चालत नाहीत. कामानिमित्त गेलेली जागा आणि कंपनीनं दिलेलं वाहन हीसुद्धा कायद्यानं कामाचीच जागा.

वरिष्ठांशी संबंध बिघडतील या भीतीनं तीन महिने सहज निघून जातात. तारखेसह टिपण तरी त्याच रात्री लिहून ठेवा.

मंगळसूत्र, दोरा, मेंदी

महाराष्ट्रातल्या घरांतून सर्वाधिक प्रश्न याच बाबतीत येतात, आणि उत्तर अनेकांना आवडत नाही. खासगी कंपनीनं धार्मिक चिन्हाला परवानगी द्यायलाच हवी असं सांगणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेतल्या समानतेच्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या हमीचा रोख मुख्यतः सरकारकडे आहे. एअर इंडिया सरकारी असताना कर्मचारी थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करू शकत. १९८१ च्या नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पहिल्या गरोदरपणालाच हवाई सुंदरीची नोकरी संपवण्याचा नियम रद्द केला, तो याच वाटेनं (चार वर्षांच्या आत लग्न न करण्याची अट मात्र त्याच निकालात टिकली, हे सहसा कुणी सांगत नाही). जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटा समूहाकडे गेली आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की आता तिच्याविरुद्ध सेवाविषयक रिट चालणार नाही. म्हणजे उरली ती वाट कंपनीतल्या तक्रार निवारणाची, कामगार कायद्याची किंवा दिवाणी न्यायालयाची. लांबची आणि खर्चिक.

ब्रिटनमधलं उदाहरण यासाठी वाचण्यासारखं आहे. ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इन विभागातल्या नादिया इवेडा यांना गळ्यातला छोटा क्रूस दिसतो म्हणून २००६ मध्ये बिनपगारी घरी बसवलं गेलं. फेब्रुवारी २००७ मध्ये कंपनीनं नियम बदलून त्यांना परत घेतलं, पण गेलेला पगार दिला नाही. ब्रिटनमधली न्यायालयं त्यांच्याविरुद्ध गेली. शेवटी १५ जानेवारी २०१३ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला: कंपनीची प्रतिमा हे कारण गैर नाही, पण त्याला फाजील वजन दिलं गेलं. त्याच निकालात शर्ली चॅपलिन या परिचारिकेचा तसाच दावा मात्र फेटाळला गेला, कारण रुग्णालयानं साखळीला हरकत घेतली होती ती सुरक्षेसाठी. भारतात हा निकाल बंधनकारक नाही. पण कंपनीला पत्र लिहिताना तुमचा मुद्दा इवेडांसारखा आहे की चॅपलिनसारखा, हे स्वतःशी ठरवा.

प्रत्यक्षात करायच्या गोष्टी:

- मंगळसूत्र, कडं, क्रूस, ताईत यांबद्दल मुलाखतीनंतर पण रुजू होण्याआधी एचआरला ईमेलनं विचारा. तोंडी 'चालतं हो' याला किंमत नाही.
- कपड्यांच्या आत राहणारं जानवं किंवा करदोडा यावरून सहसा कुणी अडवत नाही. मनगटावरचा दोरा आणि राखी मात्र अडकतात. रक्षाबंधनाला ड्युटी असेल तर राखी बॅगेत ठेवा, भाऊ समजून घेईल.
- मेंदीला अनेक कंपन्यांत मनाई असते. लग्नाची रजा मागताना मेंदी उतरायचे दिवसही धरा, किंवा तळव्यापुरती, फिकी मेंदी चालते का हे आधी विचारा.
- दिसणाऱ्या जागी टॅटू असेल तर तो मेकअपनं झाकून मुलाखतीला जाऊ नका. वैद्यकीय तपासणीत दिसतोच.

आखातातल्या कंपन्यांत आपली बरीच मुलंमुली आहेत. तिथे तुमचा करार त्या देशाच्या कायद्याखाली असतो; वर सांगितलेलं भारतातलं संरक्षण तिथे लागू होईल असं गृहीत धरू नका. लिपस्टिकच्या छटेपासून टोपीच्या कोनापर्यंत तिथली तपासणी अधिक कडक असते, हे स्वीकारूनच सही करा.

गणवेशाचे पैसे

नोकरी मिळण्याआधी गणवेश, प्रशिक्षण किंवा 'सिक्युरिटी डिपॉझिट' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तो फसवणुकीचा प्रकार समजा. इंडिगो, एअर इंडिया यांसारख्या कंपन्या भरतीसाठी पैसे घेत नसल्याचं वारंवार जाहीर करतात. कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे केलेल्या ईमेलवरून बनावट ऑफर लेटर येतं, सोबत गणवेशाच्या मापांचा तक्ताही असतो, आणि माप भरून देताना माणूस पैसेही भरून बसतो. असं झालं असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. खासगी एअर होस्टेस संस्थांचा कोर्स नोकरीसाठी सक्तीचा नाही. सुरक्षेचं बंधनकारक प्रशिक्षण निवड झाल्यावर कंपनीच देते.

नोकरीत असताना: धुलाई भत्ता मिळतो का, वर्षाला किती जोड मिळतात, हरवला-फाटला तर किती कापतात, हे लेखी घ्या. जुनी करप्रणाली निवडली असेल तर गणवेशाचा भत्ता प्रत्यक्ष खर्च झाला तेवढा करमुक्त ठरतो, पावत्या ठेवा.

नव्या गणवेशानं अंगावर पुरळ आलं, डोळे चुरचुरले, तर 'सवय होईल' म्हणून सोडू नका. अलास्का एअरलाइन्समध्ये २०११ च्या सुमाराला आणि अमेरिकन एअरलाइन्समध्ये २०१६ नंतर नव्या गणवेशामुळे त्रास झाल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येनं आल्या आणि पुढे दोन्हीकडे गणवेश बदलले गेले. पुरळाचा तारखेसह फोटो काढा, त्वचारोगतज्ज्ञाचं पत्र घ्या, कंपनीच्या डॉक्टरकडे नोंद करा आणि पर्यायी कापड मागा. परवानगी येईपर्यंत स्वतःच्या मनानं दुसरी पँट घालून जाऊ नका.

गणवेश अंगावर असताना

गणवेशात मद्यपान, धूम्रपान आणि रील्स या तीन गोष्टींवरून बडतर्फीपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. पहिल्या दोन सर्वांना ठाऊक असतात. तिसरीत मुलं अडकतात: कॉकपिट, गॅली, सहकाऱ्याचा नेमटॅग, मागे दिसणारा प्रवासी, कशावरूनही तक्रार होते. कंपनीचं समाजमाध्यमांचं धोरण वाचल्याशिवाय गणवेशातला एकही व्हिडिओ टाकू नका.

ग्रूमिंगशी जोडलेला आणखी एक सापळा. उड्डाणाआधीच्या श्वास चाचणीत अल्कोहोलचा अंश शून्यच यावा लागतो. डीजीसीएच्या नियमांत अल्कोहोल असलेल्या माउथवॉश आणि टूथ जेलला स्पष्ट मनाई आहे. २०२३ च्या मसुद्यात तर परफ्यूमचंही नाव होतं. चाचणीआधी साधं पाणी प्या, सुगंध नंतर.

तुम्ही प्रवासी असाल तर

तिकीट काढून जाणाऱ्या प्रवाशाला भारतात पोशाखाचा नियम नाही. मात्र तिकिटासोबत कंपनीच्या वाहतुकीच्या अटी तुम्ही मान्य केलेल्या असतात. अमेरिकेच्या स्पिरिट एअरलाइन्सनं जानेवारी २०२५ मध्ये पारदर्शक किंवा अंग अपुरं झाकणारे कपडे आणि अनवाणी प्रवास नाकारण्याची अट स्पष्ट घातली. कॅप्टनना तुमची आवड-नावड ठरवण्याचा अधिकार नाही. १९६३ च्या टोकियो करारानं आणि आपल्या १९७५ च्या कायद्यानं त्यांना अधिकार दिला तो विमानातली सुरक्षा, सुव्यवस्था आणि शिस्त राखण्याचा. टी-शर्टवरचा शिवराळ मजकूर झाकायला सांगितलं तर झाका. वाद वाढवून आरडाओरडा केलात तर तुमचं वर्तन बेशिस्त प्रवाशांच्या नियमांत मोजलं जाऊ शकतं, आणि तिथे पहिल्याच पायरीला तीन महिन्यांपर्यंत प्रवासबंदी आहे. तक्रार उतरल्यावर करा.

स्टाफ तिकिटाची गोष्ट वेगळी. मुलाच्या किंवा मुलीच्या सवलतीवर जाणारे आईवडील कंपनीच्या दृष्टीनं कर्मचाऱ्याचे प्रतिनिधी असतात, आणि बहुतेक कंपन्या त्यांच्यासाठी वेगळा पोशाख-नियम ठेवतात. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सनं डेन्व्हरला दोन मुलींना लेगिंग्जवरून अडवलं तेव्हा जगभर गदारोळ झाला; त्या स्टाफ पासवर प्रवास करत होत्या हे नंतर कळलं. म्हणून वडिलांना चपलांऐवजी बूट घालायला सांगा. हे सांगणं गेटवरच्या कर्मचाऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा घरातच झालेलं बरं. आणि तिथे त्यांनी हुज्जत घातली तर त्याचा अहवाल मुलाच्या फायलीत जातो.

नोकरी सोडताना

शेवटच्या दिवशी ओळखपत्र, विमानतळ प्रवेश परवाना, नेमटॅग, विंगचा बिल्ला आणि गणवेशाचे जोड यादीनुसार परत करा आणि प्रत्येक वस्तूची पोच घ्या. 'नो ड्यूज' अडवलं जातं ते बहुधा एखाद्या हरवलेल्या वस्तूपायी. ओळखपत्र किंवा परवाना नोकरीत असताना हरवला तर पोलिसांत आणि कंपनीच्या सुरक्षा विभागात त्याच दिवशी कळवा, त्या तक्रारीची प्रत तेव्हापासूनच जपून ठेवा. परत न घेतलेले जुने जोड कुणाला देऊन टाकू नका, गॅदरिंगच्या नाटकासाठी मागायला आलेल्या भाच्यालाही नाही. त्यांची विल्हेवाट कशी लावायची ते कंपनीच्या सुरक्षा विभागाकडून लेखी विचारून घ्या.